मी मिठागराचा मालक होतो तो दिवस

त्या गावाची मला पहिल्या दहा मिनिटांतच शिसारी आली. भूमध्य समुद्राच्या काठचं जुनं बंदर, निळं पाणी, पिवळ्या भिंती, खिडक्यांत लाल फुलं. आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत अशा गावांचे फोटो फ्रेम करून लिफ्टसमोर लावलेत. फोटोला वास येत नाही, एवढंच त्यांचं भाग्य. इथे गल्लीगल्लीत मांजरांच्या मुताचा वास होता, त्यावर तळणीच्या तेलाचा, आणि त्याच्यावर दुकानदारांनी दारात फवारलेल्या लिंबाच्या अत्तराचा. मी कोपरीच्या खाडीकाठी वाढलेला माणूस आहे. चिखलाच्या किंवा सुकत्या बोंबलांच्या वासाने मला कधी मळमळलं नाही. मळमळलं ते त्या अत्तराने.

मुलाने आमच्यासाठी प्रायव्हेट वॉकिंग टूर घेतलेली. म्हणजे गाइड फक्त आमचा, बरोबर दुसरं कुणी नाही. हे ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात पन्नास जणांच्या घोळक्यात असतो तर मी मागे रेंगाळलो असतो, एखाद्या बाकावर बसून पाय चोळले असते, कुणाच्या लक्षात आलं नसतं. इथे मी, मुलगा आणि सून, तिघंच. मी जांभई दिली की गाइड माझ्याकडे बघून हसायचा आणि थकलात का म्हणून विचारायचा. पळायला जागाच ठेवली नव्हती.

गाइड पन्नाशीचा. लाल पँट, सदऱ्याची वरची तीन बटणं उघडी, गळ्यात रुमाल. दर दगडापाशी थांबून डोळे मिटायचा, खोल श्वास घ्यायचा आणि काहीतरी बोलायचा. मी तीस वर्षं कारखान्यात काढली, मशीनचं मॅन्युअल वाचण्यापुरतं इंग्रजी मला येतं, पण ह्याचं इंग्रजी लांबवलेलं, घोळवलेलं, मला धड कळेना. मग मुलगा मराठीत सांगायचा, "पप्पा, ते म्हणतायत इथे इतिहास जिवंत आहे." भिंतीवर शेवाळ होतं, खालून गटाराचं पाणी झिरपत होतं. आमच्याकडे कल्याणच्या खाडीकाठी असंच पाणी झिरपतं, त्याला आपण घाण म्हणतो आणि नाकाला रुमाल लावून पुढे जातो. मुलाने गाइडला तेवढ्यात सांगूनही टाकलं की आमच्या शेजारचं कल्याणसुद्धा फार जुनं बंदर आहे. सांगणाऱ्याने कल्याणची खाडी फक्त पुलावरून, गाडीची काच वर करून पाहिलेली. आणि मी त्याला काय बोलणार, त्या खाडीत काय काय टाकतो आपण हे मला माहीत नाही का?

पण खरं सांगायचं तर माझी चिडचिड गटारामुळे नव्हती, आणि गाइडच्या बटणांमुळेही नव्हती. सकाळी हॉटेलच्या पायऱ्या उतरताना मुलगा म्हणालेला, "पप्पा, लास्टला सरप्राइज आहे. गावाबाहेर जुनं मिठागर आहे, अजून चालू. त्याचा मालक स्वतः भेटणार आपल्याला. मी मेल केलेला त्यांना, की माझे वडील पण मिठागरांचे मालक होते. ते एकदम खूश झाले."

मी कधीही कुठल्याही मिठागराचा मालक नव्हतो. माझा बापूस नव्हता, आजा नव्हता. आम्ही मिठागरात राबणारी माणसं. खाडीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, उन्हात आटवायचं, मीठ ओढायचं, टोपल्यांनी वाहायचं. बाराव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत मीही हेच केलं. मालक मुंबईत राहायचे, वर्षातून दोनदा मोटारीतून यायचे. बाकी वेळ मुकादम. आज आमच्याकडे जे काही आहे, ते आईच्या वाट्याला आलेल्या भातखाचरामुळे. त्या खाचरावर आता टॉवर उभा आहे आणि त्याच्या चौदाव्या मजल्यावर आम्ही राहतो.

मालकीची थाप मीच मारली. मुलगा इंग्रजी शाळेत गेला, त्याच्या मित्रांचे वडील डॉक्टर, इंजिनियर. एकदा घरी आलेल्या एका पालकाने विचारलं, तुमचा मूळ व्यवसाय काय? मी म्हटलं, मिठाचा. ते म्हणाले, वा, म्हणजे स्वतःची मिठागरं? मी नुसती मान हलवली. मान हलवायला काही लागत नाही. मग ती हललेली मान मुलाने पाहिली, आणि त्याच्या डोळ्यांत जे दिसलं ते मला परत घेता येईना. पुढे त्याच्या लग्नाची बोलणी झाली. सून डोंबिवलीची, तिचे वडील कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले, घरात पुस्तकांची कपाटं. त्यांच्यापुढे आपण कमी पडू नये म्हणून मी मोकळ्या तोंडाने सांगितलं की आमची चार मिठागरं होती, सरकारने घेतली. चार. आकडा कुठून आला देव जाणे.

बायकोला सगळं ठाऊक आहे, ती आमच्याच पाड्यातली. म्हणून ती त्या दिवशी हॉटेलवर थांबली. गुडघे दुखतात असं तिने मुलाला सांगितलं. मला दाराआड म्हणाली, "मी नाय येत. तुमचं तुम्ही निस्तरा."

तर दोन तास आम्ही चाललो. चर्च, जकातीचं जुनं घर, दोर वळायची लांब पडवी, मासळीबाजार. सगळीकडे मी काय पाहिलं असेल तर माझ्या पुढे जाणारी गाइडची लाल पँट. मनात एकच: मालक काय विचारेल? किती एकर, किती वाफे, किती उतारा, परवाना कुणाचा? ह्यातलं मला काय सांगता येणार? मीठ कधी ओढायचं ते मला सांगता येईल. पाण्यावर कसली साय धरली की काम सुरू करायचं, ते सांगता येईल. पण ते मालकाला ठाऊक नसतं, मजुराला असतं.

मासळीबाजारात सुनेने विचारलं, "पप्पा, बरं वाटत नाहीये का? घाम आलाय तुम्हाला." मी म्हटलं, ऊन आहे. एकदा वाटलं, इथेच सांगून टाकावं. पण ती तिच्या आईला फोनवर दाखवत होती, हे बघ ऑक्टोपस, आणि पुढे म्हणाली, आता पप्पांच्या मिठागरासारखं मिठागर बघायला चाललोय. मला माझीच किळस आली. साठी उलटलेला माणूस मी, ऑक्टोपसच्या टोपलीपाशी उभा राहून थाप टिकवायची कशी ह्याचा विचार करत होतो.

मिठागर खरंच सुरेख होतं, आणि त्याचाही मला राग आला. वाफ्यांच्या कडा दगडी, पाणी गुलाबी, मधल्या बांधावरून चालायला लाकडी फळ्या. मजूर दोनच, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातांत मोजे, आणि ओढायला यंत्र. टुरिस्टांसाठी एका कोपऱ्यात चार फावडी ठेवलेली, फोटो काढायला. एक जोडपं फावडं धरून हसत होतं. फावड्याचा दांडा असा दोन बोटांत धरतात का? माझ्या तोंडात शिवी आली ती मी गिळली.

मग मालक आला. ऐंशीच्या पुढचा, ताठ, पांढरा सदरा, हात मऊ. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचना. आम्हाला दगडी गोदामात नेलं. भिंतीवर त्याच्या बापाचं, आजाचं, पणजाचं तैलचित्र, खाली पितळी पाट्यांवर नावं. त्यांच्या बाजूला एक मोठा जुना फोटो होता: बायकांची रांग, डोक्यावर मिठाच्या टोपल्या, अनवाणी. त्या फोटोखाली पाटी नव्हती. मी तिथेच खिळलो. टोपली भरलेली असली की खारट पाणी गळतं, ते मानेवरून पाठीत उतरतं, पाठ सोलवटते. आणि टाळूवरचे केस जातात. माझ्या आईच्या टाळूवर तळहाताएवढी जागा रिकामी होती. ती मरेपर्यंत पदर सारखा पुढे ओढायची, आणि लोकांना वाटायचं म्हातारी फार मर्यादशील.

बाहेर मांडवाखाली टेबल मांडलेलं. मालकाने स्वतः कॉफी ओतली. बिस्किटं होती, आणि पाहुण्याला द्यायच्या मिठाच्या पुड्या, रिबीन बांधलेल्या. मालक बोलू लागला, गाइड त्याचं इंग्रजी करत होता, मुलगा त्याचं मराठी. इतक्या हातांतून माझ्यापर्यंत प्रश्न यायचा आणि मी तोंड उघडायच्या आत मुलगाच उत्तर द्यायचा. किती मिठागरं? चार. कुठे? ठाण्याच्या खाडीत. त्याच्या आवाजात एवढा अभिमान की मला खुर्चीखाली शिरावंसं वाटलं. त्याची चूक काहीच नव्हती. तो माझाच माल विकत होता.

मग मालकाने विचारलं, मजुरांचं कसं होतं तुमच्याकडे? आमच्याकडे फार कटकट, आता कुणी यायलाच तयार नाही.

मुलगा हसला आणि इंग्रजीत बोलला. ह्या वेळी मला शब्दन्‌शब्द कळला, कारण वाक्य माझं होतं. तो म्हणाला, "माझे वडील नेहमी सांगतात, मजूर डोक्याला ताप होते. बायका तर कामाच्या वेळी पाण्यात पाय सोडून गप्पा मारत बसायच्या."

गाइडने त्याच्या भाषेत सांगितलं. म्हातारा मालक मोठ्याने हसला, टेबलावर थाप मारली आणि म्हणाला, सगळीकडे सारखंच!

हे मी लग्नाची बोलणी चालू असताना म्हणालो होतो, डोंबिवलीच्या व्याह्यांपुढे. चार मिठागरांच्या मालकाने मजुरांविषयी काहीतरी बोलायला हवं म्हणून बोललो. पण ते वाक्य मी तयार केलेलं नव्हतं. ते आमच्या मुकादमाचं. चौदा वर्षांचा असताना मी ते ऐकलं होतं. आईच्या पायाला मिठाने चर पडलेले, त्यांतून रक्त येत होतं, म्हणून ती बांधावर बसून पाय पाण्यात धरून होती. मुकादम वरून ओरडला, बायका कामाच्या वेळी गप्पा मारत बसतात, आणि तिचा अर्धा दिवस कापला. तेच वाक्य मी इतकी वर्षं कुठेतरी जपून ठेवलं आणि चांगले कपडे घालून पाहुण्यांपुढे वाढलं. आई तेव्हा आतल्या खोलीत पानसुपारीचं ताट लावत बसलेली. पाहुणे गेल्यावर तिने एवढंच विचारलं, "मी कवा रं बसली?" मी म्हटलं, अगं, बोलायची पद्धत असते. ती पदर पुढे ओढून ताट आवरायला लागली. दोन वर्षांनी गेली.

त्या मांडवाखाली, म्हाताऱ्याचं हसणं ऐकताना, मला शिसारी आली. त्याची नाही, माझी. तो निदान आपल्या बापाच्या तैलचित्राखाली बसून हसत होता. मी कुणाच्या बाजूने बसलो होतो?

मी मुलाचा हात धरला आणि मराठीत म्हटलं, "त्यांना सांग, ती बाई माझी आई होती. पाण्यात पाय सोडून बसलेली. आम्ही मालक नव्हतो रे. आपलं एकही मिठागर नव्हतं. मी, तुझा आजा, तुझी आजी, आम्ही मजूर. मी खोटं बोललो तुझ्याशी. सांग त्यांना."

मुलगा माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने बायकोकडे पाहिलं. सुनेला सगळं कळलं होतं, तिने बिस्किटांची बशी हळूच माझ्या बाजूला सरकवली. गाइड वाट बघत होता. मालकाने भुवया उंचावून विचारलं, काय म्हणाले वडील?

मुलाने खाकरून घसा साफ केला. चेहऱ्यावर हसू आणलं. ते कुणाकडून शिकला ते मला दिसत होतं.

"ही सेज, द कॉफी इज व्हेरी गुड," तो म्हणाला.

म्हातारा खूश झाला. त्याने किटली उचलली, माझा कप काठोकाठ भरला, आणि मी तो प्यायलो.