चित्त्याचा डाव आणि ससाण्याची टोपी

आमची ही सहल आमटीमुळे ठरली.

झालं असं की माझे वडील, म्हणजे आबा, कोल्हापूरहून आमच्याकडे दुबईत करामाला आले. बॅगेत कांदा-लसूण मसाला, काकवी, आणि जुन्या पेपरात गुंडाळलेला एक लाकडी डाव. हा डाव आमच्या माहेरच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला असायचा. लहानपणी मी त्याला लागलेलं श्रीखंड चाटून साफ केलेलं आहे. "नातीसाठी आणलाय," आबा म्हणाले, आणि मी कौतुकानं त्याच रात्री त्या डावानं आमटी वाढली. इरानं, माझ्या सोळा वर्षांच्या लेकीनं, दोन वाट्या आमटी ओरपली. मग आबांनी मिशीवरून हात फिरवत त्या डावाचा इतिहास सांगितला.

आबांचे आजोबा कोल्हापूर संस्थानात चित्तेवान होते. तेव्हा शिकारीसाठी चित्ते पाळत. बैलगाडीतून रानात न्यायचे आणि काळविटांच्या कळपावर सोडायचे. "चित्त्यानं काळवीट धरलं की सोडतोय कशाला? मग हा डाव रक्तानं भरून त्याच्या तोंडापुढं धरायचा. तो चाटायला लागला की शिकार सुटायची!"

इरा पाच वर्षांपासून शाकाहारी आहे आणि शाळेच्या पर्यावरण क्लबची सेक्रेटरी. तिनं वाटीकडे पाहिलं, डावाकडे पाहिलं, आणि उठून खोलीत गेली. मला तरी कुठे माहीत होतं? इतकी वर्षं मी त्याला आमटीचाच डाव समजत होते! "अगं, शंभर वर्षं धुतलाय तो," आबा बंद दाराला सांगत राहिले.

दुष्काळात तेरावा महिना म्हणजे इराच्या शाळेतला डिबेट. विषय होता, ट्रॉफी हंटिंगमुळे वन्यजीव वाचतात का. चिठ्ठ्या टाकल्या आणि हिच्या वाट्याला आली 'वाचतात' ही बाजू. टीचरना सांगून नाव काढून घ्यायचं तिनं ठरवलं होतं. आबा मदतीला धावले: "खरंच आहे की ते! संस्थानच्या राखीव रानात झाड तोडायची कुणाची टाप नव्हती. शिकारीमुळंच रानं टिकली." इरा म्हणाली, "सो दॅट ओन्ली दे कुड किल. वाव, आबा." त्यानंतर तिनं आबांशी बोलणंच सोडलं. आणि आबांचं परतीचं विमान पुढच्याच आठवड्यात होतं. एकुलती एक नात, वर्षातून एकदा भेट, आणि हे असं. मला रडू यायचं बाकी होतं.

शेवटी माझ्या नवऱ्यानं, समीरनं, ससाण्यांचं हॉस्पिटल आणि वाळवंटातला एक कॅम्प असं दोन दिवसांचं बुकिंग केलं. पुण्याचा माणूस आपण होऊन खर्चाचं बोलला, म्हणजे प्रकरण किती गंभीर होतं ते समजून घ्या.

पहिला दिवस: पेशंट सगळे टोपीत

सकाळी लवकर निघालो. हॉस्पिटल अबू धाबी विमानतळाजवळ आहे; करामाहून सव्वा तास धरा. ऑफिसच्या वेळेत निघालात तर जबल अलीपर्यंतच तेवढा जाईल. जबल अलीच्या बंदरात समीरची नोकरी, त्यामुळे तिथून जाताना तो दरवेळी "तो बघा माझा गेट" म्हणतो आणि दरवेळी गेट कंटेनरमागे लपलेला असतो. मागच्या सीटवर एका खिडकीला आबा, दुसऱ्या खिडकीला हेडफोन लावलेली इरा, मध्ये मी ठेवलेली चिवड्याची पिशवी.

वातावरण सैल करायला समीर म्हणाला, "आमच्या एका क्लायंटच्या व्हिलात हॉलमध्ये भिंतीवर सांबरासारख्या कशाचं तरी डोकं लावलंय. आफ्रिकेत जाऊन मारलं. तो म्हणतो, मी भरलेल्या पैशावर तिथले रखवालदार जगतात. इन्सेंटिव्ह, यू सी."

हेडफोनमधून आवाज आला, "डॅड, त्याला रखवालदारांची एवढी काळजी आहे तर नुसते पैसे पाठव म्हणावं. डोकं कशाला पाहिजे?"

आबा खिडकीबाहेर बघत खुदकन हसले. इरानं ते पाहिलं आणि आवाज वाढवला, गाण्याचा.

हॉस्पिटलला टूरचं आधी बुकिंग लागतं. माणशी दोनशेच्या आसपास दिरहम पडले. आबांनी मोठ्यानं हिशोब केला, "साडेचार हजार! एवढ्यात आमच्याकडं म्हैस तपासून, वर तिचं बाळंतपण होतंय!" पण आत गेल्यावर त्यांची वाचाच बसली. वेटिंग रूममध्ये हिरवळीच्या गादीवर ओळीनं ससाणे बसलेले, प्रत्येकाच्या डोळ्यांवर चामड्याची इवलीशी टोपी. आपल्याकडच्या ओपीडीत बसतात तसेच, फक्त भांडत नव्हते. कुणाची नखं कापायची होती, कुणाचं तुटलेलं पीस बदलायचं होतं. होय, बदलतात! जुनी गळलेली पिसं जपून ठेवलेली असतात, त्यातलं मापाचं निवडून जोडून देतात. ससाण्यांना स्वतःचा पासपोर्ट असतो हे गाईड बाईंनी सांगितल्यावर आबा म्हणाले, "माझ्यापेक्षा ह्याचा फोटो बरा असंल."

मग ते एका पक्ष्यासमोर थबकले आणि बराच वेळ त्याच्या टोपीकडे बघत राहिले. "मनू," मला म्हणाले, "आमच्या चित्त्याला पण अशीच टोपी असायची. डोळं झाकलं की जनावर शांत." हे बोलताना डोळ्याच्या कोपऱ्यातून इराकडे पाहत होते. तिनं ऐकलं, पण वळली नाही.

दुपारी जवळच खलिफा सिटीत एका छोट्या हॉटेलात जेवलो (पराठे उत्तम, करक चहा त्याहून उत्तम) आणि दुबईच्या बाजूला परत येऊन अल कुद्राच्या पुढे वाळवंटात शिरलो. कॅम्पपर्यंत रस्ता चांगला आहे, साधी गाडी चालते; शेवटच्या वाळूसाठी ते त्यांची फोर-बाय-फोर पाठवतात. थंडीच्या दिवसांतच जा. संध्याकाळी स्वेटर लागतो, आणि वाळू पायाला गार लागते हे सांगून खरं वाटत नाही. सूर्य बुडेपर्यंत आम्ही टेकडीवर बसून चिवडा खाल्ला. सुंदर, सुंदर, सुंदर! माझ्याकडे दुसरा शब्द नाही.

दुसरा दिवस: "अभी कितना है?"

न्याहारीला गोड शेवयांवर ऑम्लेट पसरलेलं आलं. बलालीत म्हणतात. आबांनी आधी ऑम्लेट उचलून खाली काही चूक झाली आहे का ते पाहिलं, मग सगळं संपवलं आणि परत मागितलं.

उन्हं कोवळी असताना सालेम आला. सालेम म्हणजे कॅम्पवरचा अमिराती ससाणेवाला, आबांहून दहा-एक वर्षांनी लहान, अंगात पायघोळ पांढरी शुभ्र कंदुरा, आणि तोंडात लहानपणी दुबईच्या बाजारात शिकलेली हिंदी. त्यानं ससाण्याची टोपी काढली आणि पक्षी सोडला. दोरीला बांधलेली पिसांची गुंडी तो गरगर फिरवत होता. ससाणा वर गेला, दिसेनासा झाला, आणि मग असा खाली आला की हवा फाटल्यासारखा आवाज झाला. गुंडी पकडून तो वाळूवर बसला आणि पंख पसरून ती झाकून टाकली. देणार नाही म्हणजे नाही!

सालेम हळूच गुडघ्यावर बसला. हातमोज्यातून मांसाचा तुकडा पुढे केला. पक्ष्यानं एकदा गुंडीकडे, एकदा तुकड्याकडे पाहिलं, आणि गुंडी सोडून मोज्यावर चढला.

"सोडलं! सोडलं बघ मनू!" आबा ओरडले आणि वाळूतून तरातरा सालेमकडे गेले. "हमारे उधर बी ऐसाच करते थे! चित्ता! उसको लकडी के डाव में रक्त दिखाने का, फिर वो छोडता था. टोपी बी ऐसाच!"

"चीता? फहद?" सालेमचे डोळे मोठे झाले. "वल्ला! तुम्हारा घर में फहद का काम?"

"मेरा आजोबा."

ससाणा त्याच्या बैठकीवर ठेवून सालेमनं आबांना मिठीच मारली. इथल्या रिवाजाप्रमाणे नाकाला नाक लावलं, मोजा काढून त्यांच्या हातात चढवला आणि ससाणा त्यावर बसवला. आबांचा चेहरा! मी त्यांना निवृत्तीच्या सत्कारातही असं पाहिलं नव्हतं. आणि मग सालेमनं, अगदी प्रेमानं, पाहुण्याला मुलाबाळांचं विचारावं तसं विचारलं, "बाबा, अभी तुम्हारा मुल्क में कितना फहद है?"

आबांचा हात खाली आला. ससाण्यानं पंख फडफडवून तोल सावरला.

"खलास," आबा म्हणाले.

"कैसे खलास?"

"पकडते थे. पिल्लं... बच्चा नहीं होता था पिंजरे में. तो जंगल से लाते गये, लाते गये. इधर का खतम हुआ तो आफ्रिका से बोट में लाये." ससाणा बसलेला हात पुन्हा वर धरत ते म्हणाले, "अभी फिर आफ्रिका से लाया है. सरकार ने. देखते हैं."

सालेमनं मान हलवली. "हमारा भी ऐसा हुआ. मेरा दादा ऊंट पे शिकार करता, एक मारता, दस दिन सब खाता. फिर गाडी आया, बंदूक आया. खलास." ओरिक्स नावाचं पांढरं हरीण रानातून पार संपलं होतं, पिंजऱ्यांत उरलेले मोजके जपून वाढवले आणि परत सोडले, असं त्यानं सांगितलं. आणि हुबारा, म्हणजे आपल्या माळढोकाचा धाकटा भाऊ, ससाण्याची आवडती शिकार, तो आता फार्ममध्ये वाढवतात. रानातला मारायला बंदी. ठराविक जागी, वाढवलेल्या पक्ष्यावरच ससाणा सोडायचा. बाकीचे रानात सोडून देतात. "बाज हमारा जान है. हुबारा नहीं, तो बाज किसके लिये?"

तेव्हा इतका वेळ फोन धरून उभी असलेली इरा पुढे आली. "अंकल, बट दॅट मीन्स... आप मारने के लिये ही बचाते हो?"

मी मनातल्या मनात देवाचा धावा केला. सालेम मात्र खो खो हसला. "मेरा बेटी भी यही पूछता! मैं बोला, आओ, देखो. वो आया, देखा. फिर भी पूछता."

"तो आपने क्या जवाब दिया?"

"जवाब अभी नहीं मिला, हबीबती. इन्शाल्ला मिलेगा. यल्ला, ओरिक्स देखने चलो."

उघड्या जीपमध्ये आबा आणि इरा मागे बसले. बसले म्हणजे मीच धूर्तपणे पुढची जागा पकडली. दोन टेकड्या ओलांडल्या आणि समोर कळप. पांढरीशुभ्र अंगं, काळे पाय, सरळ लांब शिंगं. एक पिल्लू आईच्या पोटाखालून आमच्याकडे बघत होतं. जीप बंद झाली.

मग मागून इराचा आवाज आला. "आबा, तुमच्या आजोबांना वाईट वाटायचं का?"

"काळविटाचं? खोटं कशाला बोलू, न्हाई. पण त्यांचा चित्ता मेला तेव्हा दोन दिवस जेवले नव्हते म्हणे. तेवढा डाव घरी घेऊन आले." आबा त्या पिल्लाकडे बघत होते. "मला त्या डावाचा लई अभिमान वाटायचा, पोरी. अजून वाटतो. पण आज त्यानं 'कितना है' विचारलं आणि लाज पण वाटली. दोन्ही एकदम वाटतंय. असं चालतं का गं?"

"आबा, दॅट्स एक्झॅक्टली माय प्रॉब्लेम विथ द डिबेट!" इरा म्हणाली, आणि मी मागे वळून पाहिलं नाही, कारण माझे डोळे भरले होते आणि समीर लगेच फोटो काढतो.

परतीच्या वाटेवर चिवड्याची पिशवी मध्ये नव्हती. दोघं करामापर्यंत वाद घालत होते.

घरी

इरानं डिबेटमधून नाव काढलं नाही. डाव पर्समध्ये घालून शाळेत घेऊन गेली आणि तो दाखवतच सुरुवात केली. तिला मिळालेली बाजू तिनं जीव तोडून मांडली: ज्याचं जनावरावर प्रेम आहे, भले शिकारीसाठी का असेना, तो त्याला संपू देणार नाही. पण शेवटी तीच म्हणाली, "प्रत्येक शिकाऱ्याला एकच प्रश्न विचारा, आता किती उरलेत? उत्तर देता आलं, तर त्याचं ऐका." परीक्षकांच्या मते हा मुद्दा समोरच्या टीमला फायद्याचा ठरला. हरली! प्रेक्षकांत आबांनी दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की सगळ्या ऑडिटोरियमनं वळून पाहिलं. हरलेली पोरगी घरी येईपर्यंत हसत होती.

तुम्ही जाणार असाल तर ओरिक्स बघा, ससाण्यांचं हॉस्पिटल बघा, बलालीत खा. घरात शिकारीवरून वाद असेल तर वादासकट जा. आमचा मिटलेला नाही, समीरचं इन्सेंटिव्ह अजून चालूच असतं. पण आता वाद एका टेबलावर चालतो.

आबांच्या निघायच्या संध्याकाळी मी श्रीखंड केलं होतं. वाढायला उठले तर इरानं आधीच डाव धुऊन भांड्यात घातलेला. "आमटीचं बघू, श्रीखंड ओके," म्हणाली. जेवणं झाली, बॅगा दाराशी गेल्या, टॅक्सी खाली येऊन थांबली, आणि इरानं आबांना जी मिठी मारली ती सोडेचना. ड्रायव्हरचा दोनदा फोन आला. आबांनी माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे. मी ओळखलं. श्रीखंडानं भरलेला डाव त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो हळूच इराच्या तोंडापुढे धरला. "सोड आता, माझ्या वाघा."

इरानं रडत रडत, हसत हसत सगळं श्रीखंड चाटून डाव लख्ख केला. पण सोडलं नाही.