रोग्याच्या खुर्चीत

मुंबईच्या डॉक्टरांनी विचारलं, "झोप कशी लागते?" मी म्हणालो, "उत्तम. दुपारची जरा जास्तच होते." मग लक्षात आलं की मी रोग्याच्या खुर्चीत बसलोय. रोगी, म्हणजे माझा मेहुणा, मागे भिंतीला टेकून उभा होता आणि हसत होता. बऱ्याच दिवसांनी हसला.

त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. रक्त धुणारं यंत्र तेव्हा, साठच्या दशकात, आपल्याकडे नुकतंच आलं होतं. दर आठवड्याला मी त्याला पनवेलहून एसटीनं मुंबईला नेत असे.

मी खुर्ची सोडली, तो बसला. डॉक्टर म्हणाले, "यंत्रावर माणूस जगतो, ते आम्हाला दिसतं. कसा जगतो, ते तुम्ही सांगायचं."

मग एकेक विचारत गेले. भूक? बेताची. चालणं? देवळापर्यंत. पाणी?

"सांगितलंय तेवढंच. लईच तहान लागली तर मासलीवाल्याचा बर्फ चोखतो."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "आणि कामावर जाता?"

तो मिठागरावरचा मुकादम. वाफ्यातून मीठ ओढण्यात उरणपर्यंत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

"जातो. पन बांधावर पोचलो की बाया खाट आनतात, सावलीत बसवतात. पाव्हन्याला इचारावं तसं च्या घेता का इचारतात. मंग त्यांना आठवतं, याला च्या बी चालत नाय. मंग सगली गप होतात."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं.

परतताना ठाणं मागे पडल्यावर तो म्हणाला, "दाजी, पुढच्या खेपेला मी नाय येनार. बायला तुमीच सांगा."

बाय म्हणजे त्याची थोरली बहीण, माझी बायको. लग्नकार्यात अख्खी पंगत माझ्या गप्पांना कंटाळून लवकर उठते, असा माझा लौकिक. पण पनवेल येईपर्यंत माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "मानेखाली पिशवी घे."

घरी सांगितलं, तशी तिनं कपडे बांधले आणि माहेरी गेली. शेवटपर्यंत त्याच्या उशाशी होती.

तेराव्याची मंडळी पांगल्यावर पातेली घासता घासता, मान वर न करता म्हणाली,

"त्यानं मला सांगितलं असतं तर मी त्याला वढत नेला असता. तुमी कोनाला वढत नाय, म्हून त्यानं तुमाला सांगितलं."