दादाच्या कमठ्यामागे, पालीच्या पुढच्या डोंगरात

"भावजी, ते खुंटीवरचं आता कुणाला तरी देऊन टाका," वहिनी म्हणाल्या. खुंटीवर माझ्या थोरल्या भावाचा कमठा होता, म्हणजे बांबूचं धनुष्य. दादाचं बीडमध्ये किराण्याचं दुकान होतं. डिंक आणि मध आणायला तो दर हिवाळ्यात डोंगरातल्या भिल्लांच्या वस्तीवर जाई आणि तिथेच बाण मारायला शिकला होता. मी त्याला त्याबद्दल एकदाही धड विचारलं नाही. गेल्या वर्षीच्या तापाच्या साथीत तो गेला आणि विचारायचं राहूनच गेलं. कमठा देऊन टाकण्यापेक्षा आपणच तो ओढायला शिकावं, म्हणजे दादाची ती बाजू थोडी तरी कळेल, असं मनात आलं. कचेरीतून पाच दिवसांची रजा काढली. मी तिथे उर्दू कागदांच्या नकला करतो. बोरूपेक्षा जड काही उचलल्याला वर्षं झाली आहेत.

पौषातली थंडी होती. पहाटे कासीमची बैलगाडी ठरवली. जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं, खिशात निजामाची हाली नाणीच असू द्यावीत. इंग्रजी रुपया दाखवला की गाडीवाले सुट्ट्यांचा घोळ घालतात. बिंदुसरा नदीच्या कडेकडेने रस्ता बरा आहे. पालीला एका शेतात हुरडा भाजत होते, त्यांनी हाक मारून बसवलं. गरम हुरडा, लसणाची चटणी, वर ताक. एवढ्यासाठी कुणी पालीपर्यंत येऊन परत गेला तरी त्याची फेरी फुकट जायची नाही.

घाटाच्या पायथ्याशी कासीमने बैल सोडले.

"म्होरं गाडी जात न्हाई साहेब. पर कमठा घेऊन कावून चाललात? शिकारीला?"

"शिकायला."

"या वयात?" तो म्हणाला आणि बैलाच्या पाठीवर हात फिरवत हसत राहिला.

पुढे दोन तासांची चढण, सगळी मुरमाची. पायात दणकट वहाणा हव्यात. माझ्या कचेरीतल्या होत्या, त्यांनी अर्ध्या वाटेत राम म्हटला. वस्तीवर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. माझा कोट पाहून जंगलखात्याचा माणूस आला असं वाटून बाया आत गेल्या. एक म्हातारा मात्र बसल्या जागेवरून माझ्या हातातल्या कमठ्याकडे बघत होता. हाच लिंबा नाईक, दादाचा गुरू.

"ह्यो म्या केल्याला हाय," तो म्हणाला. "थोरले शेट कुठं हायत?"

रस्ताभर घोकलेलं वाक्य मला आलं नाही. "गेले. तापात," एवढंच म्हणालो. नाईक उठला. आत जाऊन त्याने पाण्याचा तांब्या आणला, मी पिऊन संपवेपर्यंत तो उभाच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने दादाच्या कमठ्याला हातही लावू दिला नाही. नवशिक्याने जड कमठा धरला की सगळ्या अंगाला खोड लागते, म्हणाला, आणि एक हलका कमठा दिला. त्याची दोरीही बांबूच्याच सालीची. निशाणाकडे खांदा करून उभं राहायचं, पाय खांद्याएवढे फाकवून. कमठा मुठीत आवळायचा नाही. दोरी दोन बोटांनी ओढायची, अंगठा लावायचा नाही. "का?" मी विचारलं. "आमच्यात लावत न्हाईत," तो म्हणाला, आणि मी पुढे विचारलं नाही. हाताने नव्हे, पाठीने ओढायचं. हे ऐकायला सोपं आहे. माझी दोरी दर खेपेला डाव्या हातावर सटकन बसे. संध्याकाळपर्यंत हात वांग्यासारखा झाला. नाईकाच्या बायकोने हळद-तेल लावलं. कोपर जरा बाहेर वळवलं की दोरी लागत नाही, हे नाईकाने त्यानंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं, हेही खरंच.

तिसऱ्या दिवशी माझी खरी खोड निघाली. ओढताना माझी मान पुढे जाई, गाल दोरीला भेटायला निघे. "दोरीला गालापाशी येऊ द्या. तुमी कावून जाता?" म्हणत नाईकाने माझ्या फेट्याचा शेमला मागच्या बाभळीला बांधला. मान पुढे गेली की फेटा जमिनीवर. सकाळभरात तो वीस वेळा तरी पडला. पोरंबाळं गोळा झाली.

"थोरल्यांचाबी असाच पडायचा," नाईक म्हणाला. "त्यांची मान अशीच म्होरं यायची. एकदम अशीच."

मी कमठा खाली केला. लिहून लिहून मान वाकली, असं मी आजवर समजत होतो. ती दादाचीही होती, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. 

"मग राहू द्या, नाईक. अशीच राहू द्या."

नाईकाने एका बाणाचं पीस नीट केलं. "ऱ्हाऊ द्या की. पर थोरल्यांनी ती सोडायला दोन हंगाम घातले. लई कष्टानं सोडली. तुमाला त्यांची येतानाची मान पायजे का जातानाची?"

मी फेटा उचलून झटकला आणि पुन्हा बांधून घेतला.

चौथ्या दिवशी उन्हं कलताना त्याने दादाचा कमठा माझ्या हाती दिला. वीस पावलांवर कडब्याची पेंढी. बाण पेंढीच्या अगदी कडेला लागला, कौतुक करावं असं काही नव्हतं. पण फेटा डोक्यावर होता. नाईकाने बाभळीची गाठ सोडली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो जरा जास्तच वेळ.

पाचव्या दिवशी घरी आलो तेव्हा वहिनी अंगणात ज्वारी पाखडत होत्या. फेट्याची गोष्ट सांगितली तशा त्या हसल्या. वर्षभरात मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. "म्हून त्यांच्या फेट्यात मुरूम भरलेला असायचा होय. कुठं लोळून येता म्हणून मी लई बोलायची त्यांना." मग सूप मांडीवर ठेवून म्हणाल्या, "कसे उभे राहायचे ते?"

मी कमठा घेऊन ऐटीत उभा राहिलो. खांदे खाली, मान ताठ, दोरी गालापाशी. त्यांनी नीट पाहिलं.

"हे मी कधी पाहिलं न्हाई," त्या हळूच म्हणाल्या.

मी मान पुढे जाऊ दिली, फेटा पडायचा तेव्हासारखी. त्यांच्या मांडीवरचं सूप कलंडलं, ज्वारी सांडली, त्यांचं लक्ष नव्हतं.

"असे. पाणी तापलं का म्हणून चुलीपाशी असेच डोकवायचे," त्या म्हणाल्या. "भावजी, जरा तसेच थांबा."

कमठा तसाच ओढून धरला. मी मान मागे घेतली नाही.