पुसली तरी राहणारी यादी

बातमीत न मावलेलं बरंच काही बातमीदाराकडे उरतं. लातूरच्या आमच्या दैनिकातला संगणक विभाग तर असल्या उरलेल्या गोष्टींनीच भरलेला होता. विभाग म्हणजे एक खोली आणि मुदखेडचा सलीमभाई. संगणकातलं नवं काही पुण्यात नाहीतर परदेशातच घडतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे जरूर वाचावं.

भूकंपानंतर आमच्या वार्ताहरांनी गावोगाव फिरून यादी केली होती. कोण गेलं, कोण उरलं. काही वर्षांनी ती संगणकावर चढली आणि एवढी फुगली की फाइल उघडली की मशीन बसायचं. सलीमभाईनं अख्खी फाइल उघडणंच सोडलं. हवा तेवढाच तुकडा डिस्कवरून थेट मेमरीत दिसेल, अशी सोय त्याच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत होती. मला कळेना. तो म्हणाला, "सगळी पोती दुकानात कशाला आणायची? गिऱ्हाईक आलं की गोदामाचं दार उघडायचं."

•

पण गोदामात हात घातला की तो खऱ्या पोत्यावरच पडतो. आमचे उपसंपादक देशमुख एकदा यादी चाळत होते. एका गावात शांताबाई गायकवाड तीनदा दिसल्या. पानावर एकच नाव पुन्हा आलं की काटायचं, ही त्यांची जन्माची सवय. दोन काटल्या!

एक आजी होती, एक तिचंच नाव ठेवलेली नात, एक चुलत जाऊ. "मी सेव्ह केलंच नाही," देशमुख म्हणत राहिले. पण या सोयीत सेव्ह करावं लागतच नाही; पडद्यावर खोडलं की मूळ फाइलीतूनही जातं. वार्ताहराच्या वहीवरून दोघी परत घातल्या.

सलीमभाई एवढंच म्हणाला, "साहेब, भूकंपातून वाचल्या होत्या. तुमच्या हातून न्हाई वाचल्या."

•

मग त्यानं त्या सोयीतच भर घातली. तुकडा बघा, खोडा, बदला. बदल तुमच्या पडद्यापुरता, मूळ फाइल जशीच्या तशी. पण भाषेची नवी आवृत्ती आली की ही भर उडणार आणि यादी पुन्हा उघडी पडणार. म्हणून ती भाषेबरोबर सगळ्यांना मिळणाऱ्या संचातच जायला हवी होती. त्यानं ती भाषा सांभाळणाऱ्या परदेशी मंडळींकडे पाठवली.

खालच्या मजल्यावर कोचिंग क्लास होता. तिथल्या सरांनी कुतूहलानं विचारलं, हे कोणत्या एन्ट्रन्सला येतं?

"कोणत्याच न्हाई," सलीमभाई म्हणाला. "म्हणून तर निवांत करून राहिलो."

•

परदेशातून उत्तर आलं: फाइलीत बदल करायचा आणि तो ठेवायचा नाही, असं कोण करतं? मी भडकलो, लेखच लिहायला निघालो. सलीमभाईनं मला बसवलं आणि दोनच शब्द कळवले. "आमचे देशमुख."

खाली तिन्ही शांताबाईंची हकीकत. वेगळी कॉपी करून घ्या, असा सल्ला आला. आमच्या संगणकात एवढी जागाच नाही, त्यानं कळवलं. महिनाभर वाद चालला. हा पठ्ठ्या तसूभर हटला नाही. शेवटी भर घेतली गेली. पेढे देशमुखांनी वाटले, श्रेयही त्यांनीच घेतलं!

•

औशाकडची एक मावशी नवऱ्याची नोंद बघायला आली. वाचता येत नव्हतं. सलीमभाईनं वाचून दाखवलं: नाव, गाव, मयत.

ती पडद्याजवळ सरकली. मग म्हणाली, "लेकरा, तिथं हयात लिवून दाव की एकदा."

त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. लिहिलं. वाचलं.

"पुन्यांदा वाच."

त्यानं पुन्हा वाचलं. ती पदर सावरत उठली.

"पुसून टाक आता," म्हणाली. "यादी खरीच पायजे."