डायनॅमोवरचे चार दिवे

संप लांबत चालला होता, तेव्हा मी काळाचौकीच्या एका गॅरेजात गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचो. थोरला भाऊ कापडगिरणीत साच्यावर, मागावर कापड विणायला होता, म्हणजे आता संपावर. घरातून सकाळी आम्ही दोघंही निघायचो, मी गॅरेजात आणि तो गिरणीच्या गेटावर.

एका दुपारी आमच्या भागातला दादा त्याची गाडी घेऊन गॅरेजात आला. काळी, जुनी विलायती गाडी. एका म्हाताऱ्या पारशाकडून त्याने ती कशी काढून घेतली, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. संप मोडून कामावर जाणाऱ्यांना गेटातून आत सोडायचं काम त्या दिवसांत त्याच्याकडे होतं. मागच्या सीटवर चार मोठे दिवे पडले होते.

"बंपरवर लाव," तो म्हणाला. "समोरच्याला काय दिसता कामा नये."

मी बॉनेट उघडून पाहिलं. आत मूळचाच डायनॅमो होता. मी म्हटलं, "दादा, गाडी पळते तेव्हाच हा वीज करतो. उभ्या गाडीत इंजिन हळू फिरतं, तेव्हा तो काही देत नाही, सगळा भार बॅटरीवर. दोनच लावा, तेही चालत्या गाडीत. चार पाहिजेत तर अल्टरनेटर बसवू, तो उभ्या गाडीतही वीज देतो."

"नवीन काय घालायचं नाय. पारशाने ठेवली तशीच राहिली पाहिजे."

"मग बॅटरी उतरेल. आणि बॅटरी उतरली की इंजिन पण..."

पुढचा शब्द त्याच्या थपडेने तोंडातच राहिला. मी मडगार्डवर आपटलो, दात ओठात रुतला. मालक ऑफिसच्या दारात उभा होता, तो आत गेला. मी ओठ पुसला आणि चार दिवे लावले. जाड वायर ओढली, रिले बसवला, जेणेकरून निदान जुनं वायरिंग जळू नये. जाताना दादा म्हणाला, "उद्या पहाटे तू गाडीत बसायचं. दिवे विझले तर तुझी बोटं तोडीन."

थंडीचे दिवस होते. पहिल्या पाळीच्या आधी, अंधार असतानाच, गाडी गिरणीच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. दादा पुढे, ड्रायव्हरशेजारी. मी मागे. त्याची माणसं सळया घेऊन दोन्ही बाजूंना भिंतीला लागून उभी होती. समोर संपकरी गेट अडवून बसले होते. दादाने बटण दाबलं आणि अख्खी गल्ली पांढरी झाली.

त्या उजेडात मी जे पाहिलं ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. माणसं डोळ्यांवर हात धरून उठत होती, आणि हात वर असल्यामुळे त्यांच्या बरगड्या उघड्या पडत होत्या. सळया तिथेच बसत होत्या. एक जण आंधळ्यासारखा चाचपडत आमच्याच गाडीकडे आला. त्याच्या गुडघ्यावर मागून फटका बसला, तोंड बॉनेटवर आदळलं आणि तो खाली घसरला. भाऊ त्या गर्दीत कुठे आहे ते मी शोधत होतो. दादा खिडकीची काच खाली करून शांतपणे सांगत होता, "डोक्यात नको. हातापायावर घ्या."

डॅशबोर्डवरचा बॅटरीचा काटा केव्हाच उलट्या बाजूला टेकला होता. ड्रायव्हरने ॲक्सिलरेटर दाबून पाहिला, पण चार दिव्यांपुढे तेवढ्याने काय होणार. दिवे आधी पिवळे झाले, मग आतल्या लाल तारा तेवढ्या दिसायला लागल्या. इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडलं.

मग समोरची माणसं डोळे चोळत उभी राहिली. पूर्वेकडे आभाळ फटफटलं होतं. आता त्यांना सगळं दिसत होतं, आणि ती शेकड्यांनी होती. सळयावाले पळाले. पहिला दगड पुढच्या काचेतून आत आला. दादाला त्यांनी खिडकीतूनच ओढून काढलं. त्याच्याच माणसांनी टाकलेल्या सळयांनी त्याचे गुडघे फोडले. तो आवाज मी ऐकला. ड्रायव्हर कुठे गेला मला कळलं नाही.

मग दार उघडून मला ओढलं. "मी गॅरेजवाला, जबरदस्तीने आणलंय," मी ओरडत होतो, पण दादाच्या गाडीतल्या माणसाचं कोण ऐकणार? पाठीवर लाथा बसल्या. एक सळई वर गेलेली पाहिली आणि मी डोळे मिटले. अंगावर कोणीतरी पालथं पडलं. फटका बसला, पण मला नाही. भावाच्या अंगाचा वास मला आला. "माझो भाव आसा रे! माझो भाव आसा!" तो ओरडत होता.

त्याच्या उजव्या कोपराचा चुरा झाला होता. हॉस्पिटलात प्लॅस्टर घातलं, पण हात पुन्हा सरळ झाला नाही. घरी आल्यावर त्याने एकदाच विचारलं, "तू गाडयेत कित्याक बसलंस?" मी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि कूस बदलली.

काही दिवसांनी आमच्याच चाळीतला, भावाच्याच खात्यातला एक साचेवाला आला. फडक्यात बांगडे गुंडाळून आणले होते. ते त्याने आईकडे दिले आणि खाटेजवळ मान खाली घालून बसला. मग म्हणाला, "काळोखात कळला नाय माका, सळयेखाली तू आसस ता."

"काळोख खंय होतो?" भाऊ म्हणाला. "उजाडलेला."

तो उठून गेला नाही. आईने बांगडे तळले, त्याचंही ताट वाढलं. भावाला डाव्या हाताने काटे काढता येत नव्हते. त्या माणसाने न विचारता त्याच्या ताटातला बांगडा ओढून घेतला, काटे काढले आणि ताट परत सरकवलं. भाऊ जेवला.

गिरणी नंतर थोडे दिवस चालली, पण वाकड्या हाताच्या माणसाला साच्यावर कोणी घेतलं नाही. भाऊ गावी गेला, तिथेच राहिला. सणाला आम्ही जातो तेव्हा दोघं ओटीवर बसतो. त्या पहाटेचा विषय तो कधी काढत नाही. मीही काढत नाही.