भुवयांवरचं पीठ

आमच्या गावातल्या गिरणीवाल्या महादूचा मला हेवा वाटतो. सकाळी सातपासून तो पट्ट्याच्या खडखडाटात उभा असतो. म्हातारी आई, दोन मुलींची शिक्षणं, सगळा भार त्या एका गिरणीवर. दुपारी बायको भाकरी घेऊन आली, की तेवढ्यापुरती गिरणी थांबते.

काल मी दळणाचा डबा घेऊन तिथंच उभा होतो. भाकरीचं फडकं सोडण्याआधी ती म्हणाली, “डोळे मिटा बघू.” महादूनं शहाण्या पोरासारखे डोळे मिटले आणि तिनं पदराच्या टोकानं त्याच्या भुवयांवरचं, पापण्यांवरचं पीठ हलकेच पुसलं.

“रोज काय पुसतेस? पुन्हा बसणारच की.”

“बसू दे.”

मी शाळामास्तर. माझा शर्ट परीटघडीचा, नोकरी पंख्याखालची. पण इतक्या वर्षांच्या संसारात माझा चेहरा कधी कुणाच्या पदराला लागला नाही. कष्ट अंगावर दिसावे लागतात की काय, कोण जाणे.

आज शाळेतून निघताना मी हात धुतले नाहीत. उलट खडूची पूड भुवयांना जराशी चोळूनच घरी गेलो.

दारातच हिनं पाहिलं. “अहो, हे काय ध्यान! नळाला पाणी आलंय, आधी तोंड धुऊन या.”

मी मुकाट्यानं धुतलं.