फौजीकाकांच्या मालत्या

मटाराच्या शेंगेवर या पृथ्वीतलावर कुणी जिवापाड प्रेम केलं असेल तर ते आमच्या फौजीकाकांनी. आणि प्रेमात इतकं अपयशही दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलं नसेल. काका म्हणजे माझ्या वडिलांचे मावसभाऊ. इंदुरात बडा गणपतीजवळ आमच्या शेजारच्याच घरात ते आणि त्यांची आई, म्हणजे आमची मावशीआजी, अशी दोघंच राहत. लग्न त्यांनी केलं नाही, का ते कुणी विचारलं नाही. फौजी हे आपलं म्हणायला. लढाईत ते रसदखात्यात कारकून होते आणि बंदुकीपेक्षा डाळीच्या पोत्यांशीच त्यांचा संबंध जास्त आला. आफ्रिकेच्या वाळवंटात ते पोत्यांसकट पकडले गेले, कैदी म्हणून इटलीत पोचले, आणि पुढे इटलीनं बाजू बदलली त्या गोंधळात छावणीची दारं उघडी पडली तेव्हा सगळ्यांबरोबर डोंगरात पळाले. तिथल्या एका म्हातारीनं त्यांना आपल्या गवताच्या माळ्यावर लपवून ठेवलं. खाली रस्त्यानं जर्मन शिपाई हिंडत होते आणि वर आमचे काका तिच्या हातचं खाऊन बाळसं धरत होते. ही हकिगत मी इतक्यांदा ऐकली आहे की तो माळा मला आमच्या घरच्या माळ्यापेक्षा जास्त ओळखीचा वाटतो.

त्या म्हातारीला काका ‘मम्मा’ म्हणत. थंडी सरून तिच्या वाडीत पहिला भाजीपाला आला, की ती एक साधासुधा पदार्थ करी. घरी वळलेले कणकेचे तुकडे खारट पाण्यात उकडायचे, कोवळे मटार, पातीचा कांदा आणि लसूण तेलावर जेमतेम हलवायचे, दोन्ही एकत्र करून वर चीज किसायचं. बस्स. आम्ही म्हणायचो, “काका, एवढंच? यात मसाला कुठाय?” त्यावर काका डोळे मिटून म्हणत, “अरे भिया, मटर को मटर तो लगने दो पहले!” फोडणी, गरम मसाला, दाण्याचं कूट या तिन्ही गोष्टी मराठी माणसानं भाजीची तोंडओळख टाळण्यासाठी काढल्या आहेत, असं त्यांचं मत होतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी बाजारात ते प्रत्येक टोपलीतली शेंग फोडून दाणा चावून बघत आणि “ये तो बुड्ढा हो गया” असं सांगून पुढे जात. भाजीवाल्या त्यांना लांबून येताना पाहिलं की टोपलीवर फडकं टाकायच्या.

साहित्याच्या शोधात त्यांनी काय काय केलं! ऑलिव्हचं तेल इंदुरात फक्त औषधाच्या दुकानात मिळे, तेही तान्ह्या बाळांना चोळायला, एवढ्याशा बाटलीत. काका सारख्या बाटल्या नेऊ लागले तेव्हा दुकानदारानं हात जोडून विचारलं, “बधाई हो साब, जुड़वाँ हैं क्या?” चीज म्हणून त्यांनी पनीर मीठ लावून गच्चीवर वाळत घातलं, ते कावळ्यांनी नेलं. मम्मा वरून एक सुवासिक पाला घालायची, तो तुळशीच्या नात्यातला असावा असं मनात येऊन त्यांनी एकदा तुळशीलाच हात घातला. त्यानंतर मावशीआजी कितीतरी दिवस त्यांच्याशी कामापुरतं बोलत होती.

पण हा सारा खटाटोप काकांच्या जिभेसाठी होता असं कुणी समजू नये. निरोपाच्या दिवशी मम्मानं त्यांच्या हातात त्या पदार्थाचा एक वाडगा दिला होता आणि खुणांनी, तुटक्या शब्दांनी समजावलं होतं, की घरी गेलास की हे आपल्या हातानं करून आईला घाल. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं होतं. आता त्या बिचारीला मावशीआजी कुठे माहीत! मावशीआजी सोवळी विधवा. कांदा-लसूण वर्ज्य, स्वतःच्या चुलीखेरीज दुसऱ्या चुलीवरचं वर्ज्य, आणि समुद्र ओलांडून आलेल्या मुलाच्या हातचं तर विचारूच नका. काका परत आले तेव्हा तिनं त्यांना आधी पंचगव्य पाजलं आणि मग कुशीत घेतलं. शिवाय काकांची नोकरी मध्यभारत सरकारात, आणि त्या सरकारचा संसार दोन गावी. थंडीत कचेरी ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला. फायली, टेबलं, कारकून सगळे आगगाडीत घालून न्यायचे आणि आणायचे. त्यामुळे ग्वाल्हेरला मटार असत पण आई नसे, आणि इंदुरात आई असे पण कोवळे मटार नसत. “सरकार बनाई किसने ये?” असं काका दर उन्हाळ्यात स्टेशनवर उतरताच विचारत.

माझं लग्न ठरलं त्या वर्षी मात्र ते रजा काढून भर फाल्गुनात आले. आमच्याकडे गव्हले-मालत्यांची धांदल होती. लग्नाच्या खिरीसाठी रव्याचे हे बारीक प्रकार घरोघरी हातानं वळतात. मुहूर्ताचे चार गव्हले सवाष्णींनी करायचे, ते चांदीच्या वाटीत वेगळे ठेवायचे. पुढचा सगळा ढीग मावशीआजीच्या हातचा, कारण मालवी गव्हाचा रवा तिच्याइतका घट्ट कुणाला भिजवता येत नसे. नव्या फणीवर गोळी ठेवून ती अंगठ्यानं अशी दाबायची, की नक्षीदार शिंपला होऊन मालती ताटात पडायची. काका दारात आले, खाटेवर वाळत घातलेला तो ढीग त्यांनी पाहिला आणि हातातली वळकटी तिथेच टाकली. “हे… हे तर तेच आहे! मम्मा टोपलीच्या पाठीवर दाबायची गं! सारा हिंदुस्थान पालथा घातला, आणि माल आपल्याच घरात?”

दुसऱ्या दिवशी आम्ही बायका साड्या घ्यायला गेलो. परत येतो तो घरभर लसणाचा वास. काकांनी आमच्या स्वयंपाकघरात अख्खा ढीग उकडला होता. एवढंच नव्हे, कमी पडायला नको म्हणून चांदीच्या वाटीतले मुहूर्ताचे गव्हलेही त्यात गेले होते. आई मटकन खालीच बसली. वडील तेवढे निमूटपणे खात होते. “बरं झालंय,” ते म्हणाले, “पण जेवण कधी आहे?” मावशीआजीला वर्दी गेली, ती आमच्या अंगणात येऊन उभी राहिली.

“पोरीच्या लग्नाचा शकुन उकळलास? अक्कल कुठे गहाण टाकलीस, बाबू?”

काका हातात ताट घेऊन तसेच पुढे झाले. “आई, एक घास. फक्त एक. मी त्या माउलीला शब्द दिलाय. तिनं मला लपवलं नसतं तर तुझा बाबू आज नसता. एक घास खा, मग जन्मभर बोलू नकोस माझ्याशी.”

मावशीआजीनं त्या ताटाकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि आपल्या घरी निघून गेली. काका ताट घेऊन अंगणातच उभे राहिले. शकुन मोडल्याचा राग मला यायला हवा होता, पण खरं सांगते, मला त्या वेळी त्यांचंच फार वाईट वाटलं.

गल्लीतल्या बायका जमल्या, गव्हले पुन्हा झाले. त्या नव्या ढिगातल्या ओंजळभर मालत्या मावशीआजीनं बाजूला काढल्या. सकाळी आंघोळ करून, सोवळं नेसून ती आपल्या चुलीपुढे बसली आणि काकांना हाक मारली. “उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. बाहेरून सांग, मी करते.” मी पूजेची फुलं द्यायला गेले होते, ती तिथेच थबकले.

“लसूण?” काकांनी घाबरत विचारलं.

“चालणार नाही.”

“वरून चीज… म्हणजे मुरवलेलं दूध, आई.”

“नासलेलं म्हण. चालणार नाही.”

तेलाच्या जागी साजूक तूप आलं, मिरपूड आली, लिंबू पिळलं गेलं. ताट तयार झालं. मावशीआजीनं देवापुढे नैवेद्य ठेवला, पाणी फिरवलं, आणि मग पानावर बसली. “देवानं घेतलं, आता मला चालतं,” असं म्हणून तिनं पहिला घास घेतला. काका दाराची चौकट धरून तिच्या तोंडाकडे बघत होते. “मटार कोवळे आहेत हो,” ती म्हणाली, आणि सावकाश सगळं पान संपवलं. मग उरलेलं तिनं काकांना वाढलं.

“झालंय का तसं?”

खाण्याच्या बाबतीत काका कधी खोटं बोलले नाहीत. “नाही आई. तसं नाही झालं,” ते म्हणाले, आणि एवढा थोराड माणूस ढसाढसा रडू लागला. “तू जेवलीस हे तिला कळायला हवं होतं गं. पण कळवू कुणाला? लपलेल्यानं नाव विचारायचं नसतं, पकडला गेला तर तोंडातून निघतं. मम्माचं नाव, गाव, काही मला ठाऊक नाही.”

मावशीआजीनं हात धुतले. “नावाचं काय घेऊन बसलास? तू घरी आलास त्या दिवसापासून मी रोज देवाला सांगते, माझ्या लेकराला जिनं जेवू घातलं तिला सुखात ठेव. माझं काही अडलं नाही नावावाचून.”

काकांना हे कधीच ठाऊक नव्हतं. ते उंबऱ्याबाहेरच खाली बसले आणि ताटातलं सगळं, बोटं चाटूनपुसून, जेवले.

आता मध्यभारत राहिला नाही, मावशीआजी गेली, काकाही गेले. पलासिया भागातल्या दुकानांत इटलीच्या त्या पदार्थाची पाकिटं मिळतात, नातवंडं आणतात, मीही खाते. पण फाल्गुनात मटार सरत आले की देवापुढे हात जोडताना माझ्याही तोंडून त्या डोंगरातल्या बाईसाठी शब्द निघतात. ती आता कुठली असायला, हे कळतं मला. तरी म्हणते, तिला सुखात ठेव. आणि काकांनाही तिथेच जवळपास ठेव, म्हणजे आई जेवली हे त्यांना स्वतःच्या तोंडानं तिला सांगता येईल.